तुमचा होकार परत घ्या, कर्नल

कर्नल, आपलं भांडण अर्धवट राहिलं आणि तुम्ही मध्येच निघून गेलात. हे तुमच्या स्वभावाला धरून नाही. शनिवारी पोरांनी फळ्या जागेवर रचून ठेवल्याशिवाय तुम्ही चहाच्या कपाला हात लावत नव्हता. मग माझ्याच बाबतीत असं का केलंत?

इथल्या मराठी मंडळाचे लोक दुकानावर आले होते. इथल्या आपल्या मुलांपैकी ज्यांना सैन्यात अधिकारी व्हायचंय, त्यांची पारख करायला जी माणसं आपली सुट्टी खर्च करतात, त्यांचा यंदा सत्कार करायचा ठरलं आहे. शाल, श्रीफळ, स्मरणिका. तुम्ही नाही, म्हणून तुमच्यावर लेख. म्हणाले, शेठ, तुम्हीच लिहा, तुमची दोस्ती होती. मी म्हटलं, दोस्ती कसली, आमचा वाद होता. त्यांना वाटलं मी विनयाने बोलतोय. विनय माझ्या दुकानात कधी आलेला नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुमचं गाव कुठलं, पलटण कुठली, पदकं किती, हे दुसरं कोणी लिहील. मला तुमच्याशी बोलायचंय. आणि या वेळी मध्येच ‘बरं’ म्हणून उठू नका.

दुबईत रास अल खोरला जुन्या गाड्यांच्या पार्टचं माझं दुकान, मागे यार्ड. तुम्ही पहिल्यांदा आलात ते रिकामे ड्रम आणि लाकडी फळ्या विचारत. डोक्यावर क्रिकेटच्या पंचांसारखी टोपी, हात मागे बांधलेले. मी भाव सांगितला. तुम्ही यार्डाकडे बघत म्हणालात, विकत नको, शनिवारी सकाळी इथेच वापरायला द्याल का? माझ्या आयुष्यात इतक्या सरळ तोंडाने कोणी इतकं फुकट मागितलं नव्हतं. मी विचारलं, यात तुम्हाला काय मिळतं. तुम्ही म्हणालात, “शनिवारी सुनेच्या स्वयंपाकघरात माझी अडचण होत नाही.” मी हसलो आणि हो म्हटलं. पण विश्वास ठेवला नाही. ज्या वस्तूला भाव नाही तिच्यात खोट असते, हे मी या बाजारात शिकलो आहे. म्हणून बरेच शनिवार मी दुकानात बसून काचेतून खोट शोधत होतो.

काय दिसायचं? तुम्ही आणि थॉमस मॅडम. शाळेच्या प्राचार्यपदावरून निवृत्त झालेली ती केरळची बाई शारजाहून बस बदलत यायची. पोरं आपल्याच लोकांची, दुबई-शारजात एसीत वाढलेली, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी. लेखी परीक्षा घोकून पास होता येते, तुम्ही सांगायचा, पण पुढे हिंदुस्थानात पाच दिवसांचं निवड मंडळ असतं आणि तिथे माणूस तपासतात. तिथे जाण्याआधी तुम्ही दोघं त्याला तपासून बघायचात. गटाने करायची कामं, भाषण, मुलाखत. शेवटी प्रत्येकाला एकट्याला बोलावून एकच गोष्ट सांगायची. जा, किंवा जाऊ नकोस.

आणि तो तुमचा कायदा. आईबाप गाडीत. जूनमध्येसुद्धा यार्डाबाहेर गाड्यांची रांग, इंजिनं चालू, काचा बंद, आत एकेक बाप स्टिअरिंग धरून बसलेला. निकाल फक्त मुलाला सांगायचा. त्याला वाटलं तर तो घरी सांगेल. एकदा माझं एक जुनं गिऱ्हाईक मध्ये पडलं, त्याच्या पोरासाठी मी तुमच्याशी बोलावं म्हणून. मी बोललो. म्हटलं, कर्नल, तुमचा शब्द काही सरकारी नाही, खरा निकाल तिकडेच लागणार, मग पोराला बरं वाटेल असं सांगायला काय जातं, थोडं इकडेतिकडे करा. तुम्ही रागावला नाहीत. टोपी काढून घाम पुसलात आणि म्हणालात, “शेठ, चुकीच्या पोराला हो म्हटलं आणि तो तिकडे निभावून गेला, तर पुढे त्याच्या मागे तीस जवान चालतात. त्यांच्या आया मला ओळखतसुद्धा नाहीत.”

तेव्हा मी खोट शोधणं सोडलं. हे कबूल करतो.

ज्या मुलाला तुम्ही नको म्हणालात, त्याची आई एकदा आत घुसली होती आठवतं? सगळ्यांसमोर तिने तुम्हाला वाट्टेल ते ऐकवलं. म्हातारा स्वतःला देव समजतो, म्हणाली. तुम्ही हात मागे बांधून उभे राहिलात, ती थकेपर्यंत. मी मधे येत होतो तर डोळ्यांनी थांबवलंत. ती गेल्यावर म्हणालात, तिचं बरोबर आहे, राग धरायला माणसाला कोणीतरी लागतं, तिने पोरावर धरण्यापेक्षा माझ्यावर धरलेला बरा. इतक्या लोकांचा राग तुम्ही असा फुकट भरून घेतलात. कोणत्या शालीत तो मावणार आहे?

आता माझ्याकडे येतो.

माझी आफरीन एका शनिवारी स्टॉक मोजायला आली होती. एका गटात एक जण कमी होता, तुम्ही तिला हाक मारलीत. जमिनीवर चुन्याच्या दोन रेषा, मधली जागा म्हणजे नाला. दोन फळ्या, एक दोरी, एक ड्रम. सगळ्यांनी ड्रमसकट पलीकडे जायचं आणि पाय नाल्यात पडू द्यायचा नाही. आफरीनने एक युक्ती सांगितली, दुसऱ्या एका मुलाने वेगळी. दोघं भांडली. माझी पोरगी भांडते कशी ते मला ठाऊक आहे, नायजेरियाच्या गिऱ्हाइकाला गिअरबॉक्स विकताना मी तिला पाहिलंय. पण गटाने त्या मुलाचं ऐकलं. मला वाटलं, आता ही हात झटकून बाजूला होणार. आमच्या घरात तीच रीत आहे. तिने दोरी उचलली आणि त्या मुलाची युक्ती जमावी म्हणून घामाने भिजेपर्यंत ओढत राहिली. युक्ती जमली नाही, ड्रम नाल्यात गेला. तर तिने त्यालाच विचारलं, नाऊ व्हॉट, बॉस?

तुम्ही काचेचं दार ढकलून आत आलात. ही कोण, विचारलंत. माझी, मी म्हटलं. “हरली, आणि तरी दोरी सोडली नाही,” तुम्ही म्हणालात. “बाकी सगळं शिकवता येतं, शेठ. हे नाही येत.” मला वाटलं तुम्ही कौतुक करताय. मी दाट दुधाचा करक चहा मागवला. चोर घरात शिरलाय आणि घरमालक त्याला चहा पाजतोय.

लग्नानंतर आठ वर्षांनी झालेलं आमचं एकुलतं लेकरू. दुकानाच्या पाटीवर तिचं नाव आहे. ते मी लाडाने लिहिलेलं नाही, विचार करून लिहिलंय. मी रायगडातल्या खाडीकाठच्या गावातून आलो, मुहैस्नाहच्या मजुरांच्या कॅम्पात एका खोलीत बाराजण झोपलो, साईटवर सळया उचलल्या, मग दुसऱ्याच्या दुकानात, मग माझं. हे सगळं कोणासाठी? लेखी परीक्षेला मी तिला जाऊ दिलं, कारण ती पास होणार नाही असा माझा हिशेब होता. ती पास झाली. निवड मंडळाचं बोलावणं आलं, आणि तुम्ही तिची शेवटची पारख ठेवलीत.

त्या शनिवारी तुम्ही मला माझ्याच यार्डाबाहेर गाडीत बसवलंत. मी म्हटलं, जागा माझी आहे. तुम्ही म्हणालात, “कायदा माझा आहे.” मी बसलो. पहिल्यांदा मला कळलं, त्या गाड्यांमधले बाप काय करतात. काही करत नाहीत. एसी कमी करतात, वाढवतात. तास-दीड तासाने ती बाहेर आली, दार उघडून बसली. मी विचारलं. “ही सेड यस, अब्बा.” आणि पट्टा लावून समोर बघत राहिली.

मी गाडी तशीच सोडून आत आलो आणि काय काय बोललो ते थॉमस मॅडमनी ऐकलंय. माझ्या जागेत माझ्या पोरीचा सौदा आणि मला विचारलं नाही. तुम्ही म्हणालात, जागेबद्दल आभार, पोरीला विचारून झालंय. मग मी मुद्द्यावर आलो. मुलगी आहे. आमचं नाव हे असं आहे. तिथे तिला त्रास होईल का? मला वाटलं तुम्ही नाही म्हणाल, सगळे नाहीच म्हणतात. तुम्ही म्हणालात, “कधीकधी होईल. खोटं बोलून मला होकार विकायचा नाही.”

कर्नल, तुम्ही खोटं बोलला असता तर मी तुम्हाला तिथेच पकडलं असतं. खऱ्याला कसं पकडायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

मी आफरीनचा पासपोर्ट दुकानातल्या तिजोरीत ठेवला. मी चुकलो असं इथे लिहिणार नाही. बापाकडे तेवढंच उरलं होतं. घरात आरडाओरडा झाला नाही, त्याहून वाईट झालं. तिची आई रुखसाना माझ्या पुढ्यात ताट ठेवायची आणि आत निघून जायची. आफरीन रोज सकाळी अबायाखाली बूट घालून खाली मैदानात धावायला जायची, जणू तारीख ठरलेलीच आहे.

तुम्हाला कोणी सांगितलं माहीत नाही. तुम्ही मंगळवारी आलात, कामाच्या दिवशी, टोपीशिवाय. बसलात. बिनदुधाची, बिनसाखरेची सुलेमानी घेतलीत. इकडचं तिकडचं बोललात. आणि मग विचारलंत, “शेठ, तुमच्या कंपनीने तुमचा पासपोर्ट ठेवून घेतला तेव्हा कारण काय सांगितलं होतं?”

“हरवू नये म्हणून,” मी म्हटलं.

उत्तर तोंडातून गेल्यावर मला कळलं की घरी मी हेच तीन शब्द बोललोय. तुम्ही कपात बघत राहिलात. कॅम्पात असताना आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असायचे. अम्मी गेली तेव्हा किल्लीवाला मुदीर, म्हणजे मॅनेजर, सुट्टीवर होता. मी गावी पोचलो तेव्हा कबरीवरची माती वाळली होती. हे मी तुम्हाला एकदाच सांगितलं होतं, कधीतरी, असंच बोलता बोलता. तुम्ही ते जपून ठेवलंत आणि वेळ आल्यावर टेबलावर मांडलंत. मी पाहिलेल्यांत तुमच्याइतकं पक्कं गिऱ्हाईक दुसरं नाही.

मग मीही माझ्याकडचं शेवटचं काढलं. “तुमचा निखिल कुठे आहे, कर्नल? बँकेत. तिसाव्या मजल्यावर. दुसऱ्यांची पोरं पाठवायला काय लागतं? स्वतःचा पाठवला असता तर तुमच्या शब्दाला वजन असतं.”

तुम्ही कप खाली ठेवलात. “बरं,” म्हणालात. दाराशी चौकटीला हात लावून थोडं थांबलात, पण वळला नाहीत. मला वाटलं सौदा माझ्या बाजूने तुटला.

त्याच आठवड्यात थॉमस मॅडमचा फोन आला. सकाळी फिरायला गेला होतात तिथेच, बाकावर बसल्या जागी सगळं संपलं. मी त्या बाईवर ओरडलो. काहीतरी चुकीचं ऐकलंय तुम्ही, म्हटलं, ते असे बसत नाहीत, ते उभे असतात.

स्मशानाबाहेर गाड्यांची रांग लागली होती. पोरं आत गेली, उंच झालेली, दाढ्या आलेली. एक-दोघं सैन्यातून सुट्टीवर आलेली होती, केस बारीक कापलेली. आणि त्यांचे आईबाप, कर्नल, सवयीने गाडीतच बसून राहिले. इंजिनं चालू, काचा बंद. कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी थॉमस मॅडम बाहेर आल्या आणि एकेका काचेवर टकटक करत म्हणाल्या, आज आत या, आज चालतं. तुम्हाला वाट्टेल ते ऐकवणारी ती आईसुद्धा आली होती. सगळ्यांत मागे उभी राहून ती जे रडली, तसं तुमच्या घरचं कोणी रडलं नाही.

नंतर मी तुमच्या घरी गेलो. माफी मागायला नाही. मला फक्त एवढं बघायचं होतं की मंगळवारी घरी येऊन तुम्ही काही बोलला होता का. निखिलने दार उघडलं. बसलो, पाणी झालं, सुनेने चहा ठेवला. मी आडून आडून विचारलं, बाबांनी तुम्हाला कधी सैन्यात पाठवायचा विचार नाही केला का? त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला जागा बदलावीशी वाटली.

“मी विचारलं होतं ना, काका,” तो म्हणाला. “बारावीत होतो. दोन वर्षं तयारी केली होती. त्यांनी परक्या पोराला बोलवावं तसं मला खोलीत बोलावलं आणि नाही म्हणाले.”

मी विचारलं, का. तो म्हणाला, कारण सांगितलं होतं, ते मी कोणाला सांगत नाही. पण पुढे म्हणाला, आय वुड हॅव मेड इट, काका, मला अजून वाटतं. आणि मग, टीपॉयवरचे पेले गोळा करता करता, “तुमच्या मुलीबद्दल जेवताना बोलायचे. दोरी वगैरे. माझ्याबद्दल असं बोललेले मी कधी ऐकलं नाही.”

मी जिन्याने खाली आलो. लिफ्टमध्ये कोणासमोर उभं राहवलं नसतं. कर्नल, दुकानात तुम्ही एवढं एकच वाक्य बोलला असता तर मी गप्प झालो असतो. ‘शेठ, मी माझ्या मुलाला नाही म्हटलंय.’ एवढंच. तुमच्या हातात हुकमाचं पान होतं आणि तुम्ही ते टाकलं नाहीत. पोराची ती गोष्ट माझ्यासारख्याशी वाद जिंकायला वापरायची नाही, असं तुम्ही ठरवलंत, आणि ‘बरं’ म्हणून चालते झालात. मी त्या जागी असतो तर टाकलं असतं. शंभर वेळा टाकलं असतं.

तेव्हापासून मी तुम्हाला एकच सांगतोय, दुकानात, गाडीत, माल उतरवताना. तुमचा होकार परत घ्या. ज्याने स्वतःच्या मुलाला नाही म्हटलं, त्याचा होकार फार महाग आहे, तो मला परवडत नाही. त्यात कुठे खोट काढावी म्हणून मी त्याला सगळीकडून ठोकून बघितलं. म्हातारपणी पारख चुकली असेल, म्हटलं. माझ्या जागेची भीड पडली असेल, म्हटलं. आवाज भरीव येतो. तिच्यात जे आहे ते तुम्हाला दिसलं, ते खरंच आहे, आणि मीही काचेतून बघितलं होतं.

निखिलकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी पासपोर्ट तिच्या ताटाशेजारी ठेवला. तिने उघडून मुदत तपासली, माझीच पोरगी ती. “थँक्स, अब्बा.” मला वाटलं होतं, रडेल, गळ्यात पडेल. तिने पोळीचा तुकडा तोंडात टाकला आणि सामान भरायला गेली. रुखसानाने मला विचारलं, अजून एक अंडं करू का. त्या बाईने मला माफ केल्याचं मला एवढ्यावरून कळलं.

विमानतळावर मी तिला शंभर सूचना देणार होतो. एकही दिली नाही. तुमचं ऐकलेलं आठवलं, की मुलं तिथे बापाची वाक्यं बोलतात आणि बाद होतात. ती आत जाताना वळली आणि मराठीत म्हणाली, जे ती सहसा करत नाही, “अब्बा, दुआ करा हं.” मी मान हलवली. मुंबईला तिच्या मामाने तिला उतरवून घेतलं आणि भोपाळला निवड मंडळापर्यंत पोचवलं.

काल पहिला दिवस होता. फोन तिथे जमा करून घेतात. पहिल्याच दिवशी चाळण लागते, जे गळतात त्यांना दुपारी फोन परत मिळतो आणि ते घरी कळवतात. हे तुम्हीच पोरांना सांगायचात. मी दुकानात फोन समोर ठेवून बसलो. एक गिऱ्हाईक रेडिएटर घेऊन गेलं, पहिला सांगितलेला भाव देऊन, मी घासाघीस केली नाही तशी त्यानेही केली नाही, संशयाने बघत गेलं. फोन आला नाही. म्हणजे ती आत आहे. संध्याकाळी रुखसानाने शेजारच्या तिन्ही घरांत खजूर वाटले.

मी मगरिबला मशिदीत गेलो. नमाज झाली, हात वर केले. मी आयुष्यभर अल्लाहशी बोलणी केली आहेत. हे दे, मी ते सोडतो. एवढं टाळ, मी तेवढं देतो. माझी मागणी नेहमी जिभेवर तयार असायची. काल हात वर धरून बसलो आणि मागणी सुचेना. ती निवडली जावी म्हणू, तर मी माझ्या तोंडाने तिला देऊन टाकतोय. निवडली जाऊ नये म्हणू, तर ती बॅग घेऊन दारात उभी राहील, कोणाला दोष न देता, आणि हे कोणी मागितलं ते घरात एकालाच माहीत असेल. बाजूचे लोक उठून गेले. पंखे बंद झाले. मी रिकामे हात तोंडावरून फिरवले आणि बाहेर आलो.

अजून चार दिवस आहेत. थोड्या वेळात पुन्हा अजान होईल आणि मी पुन्हा जाऊन बसेन. तुम्ही इतक्यांना सांगितलंत, जा किंवा जाऊ नको. मी काय मागू, कर्नल? एवढं तरी सांगून जायचं होतं.